वाडग्यातली शेवटची चव : आग्नेय आशियाई नूडल्स आणि करी

आग्नेय आशियातील नूडल्सचा वाडगा समोर येतो तेव्हा त्याची चव बहुतेक वेळा मुद्दामच थोडी अपुरी ठेवलेली असते. थायलंडमधील साध्या नूडल्सच्या दुकानात टेबलावर चार बरण्या मांडलेल्या असतात: फिश सॉस, मिरचीचे तुकडे घातलेले व्हिनेगर, सुक्या लाल मिरचीची भरड आणि साखर. रस्सा किती उकळावा आणि नूडल्स किती शिजवाव्यात हे स्वयंपाकी ठरवतो. खारट, आंबट, तिखट आणि गोड यांचा मेळ शेवटी कुठे बसवायचा, हे मात्र खाणाऱ्यावर सोपवलेले असते. पहिल्या घासालाच ‘हे फार सपक आहे’ असे म्हणून वाडगा बाजूला सारणारे लोक मी पाहिले आहेत आणि दर वेळी मला हळहळ वाटली आहे, कारण ती चव पुरी करण्याचे सगळे साहित्य त्यांच्या हाताशीच होते. बाहेर खाताना आणि घरी शिजवताना हा शेवटचा टप्पा कसा सांभाळावा, हे सांगण्यासाठी पुढचे लेखन आहे.

दुकानात बसल्यावर

वाडगा आल्याबरोबर बरण्यांकडे हात नेऊ नये. आधी चमचाभर रस्सा तसाच प्यावा, मग नूडल्स तळापासून वर घेऊन ढवळाव्यात, कारण लसणाचे तेल आणि मसाला पुष्कळदा तळाशी बसलेला असतो, आणि त्यानंतर पुन्हा चाखावे. जे कमी वाटते तेवढेच घालावे आणि तेही एका वेळी अर्ध्या छोट्या चमच्याहून अधिक घालू नये. रस्सा अळणी लागला तर फिश सॉस घालावा, तोंडात जड किंवा तेलकट वाटला तर व्हिनेगर घालावे. नूडल्सवर साखर ही कल्पना अनेकांच्या पचनी पडत नाही, परंतु ती गोडीसाठी नसतेच. चिमूटभर साखरेने व्हिनेगरचा बोचरेपणा आणि मिरचीचा जहालपणा ओसरतो आणि रश्शातील मांसाची किंवा भाजीची मूळ चव वर येते. एकदा निम्मा वाडगा साखरेशिवाय आणि निम्मा साखरेसह खाऊन पाहावा. फरक सांगावा लागत नाही.

थाई दुकानात नूडल्स मागवताना दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली गोष्ट म्हणजे नूडल्सचा प्रकार: ‘सेन याय’ म्हणजे तांदळाच्या रुंद पट्ट्या, ‘सेन लेक’ म्हणजे अरुंद चपट्या, ‘सेन मी’ म्हणजे शेवयांसारख्या बारीक, आणि ‘बा मी’ म्हणजे गहू व अंडे यांच्या पिवळ्या नूडल्स. दुसरी गोष्ट म्हणजे त्या रश्शासह हव्यात की रश्शाशिवाय. रश्शासह हव्या असतील तर ‘नाम’ आणि कोरड्या हव्या असतील तर ‘हेंग’ म्हणतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने सेन लेक मागवाव्यात असे माझे मत आहे, कारण त्या रस्सा धरून ठेवतात आणि तोंडात लगदा होत नाहीत. तिखटाबद्दल ‘माई फेत’ म्हणजे तिखट नको, आणि ‘फेत नित नोय’ म्हणजे थोडेसे तिखट, एवढे दोन शब्दप्रयोग पाठ असले की काम भागते.

पॅड थाई या परतलेल्या नूडल्सची गोष्ट थोडी वेगळी आहे. फिबुनसोंगक्राम हे १९३८ मध्ये पंतप्रधान झाले, १९३९ मध्ये सयामचे नाव थायलंड झाले आणि राष्ट्रीय ओळख घडवण्याच्या त्या काळात सरकारने नूडल्स खाण्याला उत्तेजन दिले. पॅड थाईचा प्रसार त्यातूनच झाला. कढईत परतण्याची रीत चिनी, तर चिंच, फिश सॉस आणि ताडगूळ ही चव थाई, असा हा संयोग आहे. म्हणून चांगल्या पॅड थाईत चिंचेचा आंबटपणा प्रथम जाणवायला हवा. ताटलीत लालभडक, टोमॅटो सॉसने गोड झालेल्या नूडल्स आल्या, तर त्या दुकानात दुसऱ्यांदा पॅड थाई मागवू नये.

व्हिएतनाममध्ये ‘फो’ हा मांसाच्या रश्शातला तांदळाच्या नूडल्सचा वाडगा खाताना तुम्ही उत्तरेत आहात की दक्षिणेत, हे पाहावे. हा पदार्थ विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तरेत, हनोई आणि नामदिन्हच्या परिसरात घडला. १९५४ मध्ये देशाची फाळणी झाली, लाखो लोक दक्षिणेकडे गेले आणि त्यांच्याबरोबर फोही गेला. हनोईत आजही वाडगा साधा असतो: नितळ रस्सा, कांद्याची पात, सोबत लसूण घातलेले व्हिनेगर आणि मिरची. दक्षिणेत, हो ची मिन्ह सिटीत, शेजारी थाई तुळस, मोड आलेले मूग आणि लिंबाच्या फोडी यांची भरगच्च ताटली येते आणि गोडसर होइसिन सॉसही असतो. हा सॉस थेट रश्शात ओतू नये. तो लहानशा बशीत घेऊन त्यात मांसाचा तुकडा बुडवून खावा, म्हणजे कित्येक तास मंद आचेवर काढलेला रस्सा गढूळ आणि गोड होत नाही.

मलेशियात ‘लक्सा’ या एकाच नावाने फसगत होऊ शकते. पेनांगमध्ये लक्सा मागितला तर चिंच आणि बांगड्याचा आंबट, नारळाशिवायचा रस्सा येतो. त्याला आसाम लक्सा म्हणतात आणि त्यावर आल्याच्या कुळातील एका गुलाबी कळीचे काप असतात. नारळाच्या दुधातला वाडगा हवा असेल तर तिथे ‘करी मी’ मागावा. सिंगापूरच्या कातोंग भागातील लक्सा नारळाच्या दुधातला असतो आणि त्यातील नूडल्स आखूड कापलेल्या असल्यामुळे तो केवळ चमच्याने खातात. सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीची, म्हणजे ठेल्यांवरच्या खाण्याच्या परंपरेची, युनेस्कोने २०२० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. त्या खाद्यकेंद्रांत बरेच ठेलेवाले वर्षानुवर्षे एक-दोनच पदार्थ करत आलेले असतात. त्यामुळे तिथे आधी पदार्थ ठरवावा आणि मग त्याचा ठेला शोधावा.

करी मागवताना

‘करी’ हा शब्द बाहेरच्यांचा आहे. थायलंडमध्ये अशा पदार्थांना ‘काएंग’ म्हणतात, सुमात्रात ‘गुलाय’ म्हणतात, आणि सगळ्यांत नारळ असतोच असेही नाही. ‘काएंग सोम’ ही आंबट, पातळ आणि नारळाशिवायची करी आहे, तर ‘काएंग पा’ ही रानातल्या स्वयंपाकाची, तितकीच नारळाशिवायची आणि अतिशय तिखट करी आहे. ग्रीन करीच्या थाई नावातील ‘वान’ म्हणजे गोड हा शब्द साखरेविषयी नसून हिरव्या रंगाच्या सौम्य छटेविषयी आहे, त्यामुळे ती गोड असेल या अपेक्षेने तिच्याकडे जाऊ नये. चौघांनी मिळून जेवताना ग्रीन, रेड आणि मसमन अशा तिन्ही नारळाच्या करी मागवण्याची चूक सर्रास होते. जेवण सुरू होऊन दहा मिनिटे होत नाहीत तोच जीभ थकते आणि तिन्हींची चव एकच लागू लागते. त्याऐवजी एक नारळाची, एक आंबट, एक परतलेली पालेभाजी आणि मधोमध भरपूर भात असे ठरवावे. एका वेळी एकाच पदार्थाचे एक-दोन चमचे भातावर घ्यावेत, ते संपल्यावर दुसरा घ्यावा. तिथे भात चमच्याने खातात आणि काटा केवळ घास चमच्यावर ढकलण्यासाठी असतो; चॉपस्टिक्स मुख्यतः रश्शाच्या नूडल्ससाठी असतात. करीत दिसणाऱ्या गवती चहाच्या काड्या, गलांगल या आल्यासारख्या कंदाच्या चकत्या आणि मकरुत या सुवासिक लिंबाची जाड पाने वासासाठी असतात, त्या ताटाच्या कडेला काढून ठेवाव्यात.

सुमात्राच्या पश्चिम भागातील पदांग पद्धतीच्या भोजनगृहात तर मागणी नोंदवावीच लागत नाही. बसल्याबरोबर दहा-पंधरा लहान बशा टेबलावर येतात आणि ज्या बशीला हात लावला तिचेच पैसे घेतले जातात. सगळ्या बशा आपल्यासाठीच आहेत असे समजून घाबरण्याचे कारण नाही. रेंदांगची, म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेल्या मसालेदार मांसाची बशी मात्र सोडू नये.

शाकाहारी माणसाने या प्रदेशात अधिक दक्ष राहावे. ‘मांस नको, मासे नकोत’ एवढे सांगणे पुरत नाही, कारण फिश सॉस हा तिथे मिठाच्या जागी वापरला जातो आणि करीच्या वाटणात आंबवलेल्या कोळंबीचा गोळा आधीच वाटलेला असतो. भाज्यांची ग्रीन करीही या कारणाने शाकाहारी नसते आणि ऐनवेळी ती तशी करून देता येत नाही. थायलंडमध्ये ‘जे’ हा शब्द वापरावा. पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षरात तो लिहिलेला दिसतो. या परंपरेत मांस, मासे, अंडी आणि दूध तर वर्ज्य असतेच, शिवाय कांदा-लसूणही घालत नाहीत. व्हिएतनाममध्ये ‘चाय’ हा शब्द आहे आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध लोक चाय जेवत असल्यामुळे त्या दिवशी असे खाणे सहज मिळते. शेंगदाणे किंवा कोळंबी ज्यांना सोसत नाही त्यांनी ते जागच्या भाषेत लिहून जवळ ठेवावे, तोंडी सांगण्यावर विसंबू नये.

घरी : वाटण आणि नारळाचे दूध

घरच्या करीचे सगळे यश दोन गोष्टींत असते. वाटण नीट वाटले गेले पाहिजे आणि ते नारळाच्या तेलकट सायीत नीट परतले गेले पाहिजे. बाकी सर्व सोपे आहे.

वाटणातील सर्वांत फसवा जिन्नस म्हणजे गवती चहा. चहात आपण त्याची पाती घालतो, पण करीत पाती उपयोगाची नाहीत. तिथे बुडाचा पांढरा, जाड देठ लागतो. मुळाकडचे कठीण टोक कापून टाकावे, बाहेरची दोन-तीन वाळकी आवरणे सोलावीत आणि बुडापासून अगदी पातळ चकत्या कापत जावे. पहिल्या चकत्यांत फिकट जांभळी कडी दिसते आणि लिंबासारखा ओला वास येतो. सुरी चरचरू लागली, चकती नुसती हिरवी आणि धाग्यांची दिसू लागली की थांबावे. साधारण बोटभर लांबीचा भागच वाटणात जातो, उरलेला ठेचून रश्शात उकळावा. चकत्या जाड ठेवल्या तर मिक्सर त्यांचे बारीक कुसळ करतो आणि ते पूर्ण करीभर दाताखाली येत राहते.

चार जणांच्या ग्रीन करीसाठी दहा-बारा हिरव्या मिरच्या, दोन देठांच्या गवती चहाच्या चकत्या, अंगठ्याएवढे गलांगल, मकरुत लिंबाची थोडी साल, कोथिंबिरीची तीन-चार मुळे, सहा पाकळ्या लसूण, चार लहान कांदे, एक छोटा चमचा भाजलेले धणे, अर्धा चमचा जिरे, थोडी पांढरी मिरी आणि छोटा चमचाभर कोळंबीचा गोळा घ्यावा. गलांगल म्हणजे कुलिंजन; ते न मिळाल्यास आले घालता येते, पण मग चवीतला औषधी, पाइनसारखा गंध येणार नाही हे धरून चालावे. खलबत्त्यात वाटायचे असेल तर क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम कोरडे मसाले मिठासह कुटून पूड करावेत, मग गवती चहा, गलांगल आणि साल असे धागेदार जिन्नस, त्यानंतर मिरच्या व कोथिंबिरीची मुळे, आणि कांदा-लसूण सर्वांत शेवटी घालावेत. ओले जिन्नस आधी पडले तर बत्ता घसरतो, पाणी उडते आणि धागे तसेच राहतात. मिक्सरमध्ये वाटताना पाण्याऐवजी नारळाच्या दुधाची साय घालावी, कारण पाणी घातलेले वाटण नंतर परतले जात नाही, उकळत राहते.

आता दूध. ताज्या नारळाचे पहिले दूध तासभर ठेवले की वर दाट साय येते. ती साय कढईत मध्यम आचेवर आटवावी, म्हणजे तिच्यातील पाणी उडून जाते, साय दाणेदार होते आणि कडेने तेल सुटते. त्या तेलात वाटण घालून सहा-सात मिनिटे परतावे. कच्च्या लसणाचा उग्र वास जाऊन सुगंध खोलीभर पसरला आणि वाटण कढईचा तळ सोडू लागले की ते तयार झाले. मी पहिल्यांदा ही करी डब्यातील दूध वापरून केली तेव्हा वीस मिनिटे आटवूनही तेल सुटले नाही आणि वाटण शेवटपर्यंत कच्चे लागले. कारण नंतर डब्यावरच वाचायला मिळाले: बऱ्याच डबाबंद दुधांत तेल आणि पाणी वेगळे होऊ नये म्हणून पायसीकारक घातलेले असते, त्यामुळे ते फुटत नाही. असे दूध वापरायचे असेल तर सरळ दोन मोठे चमचे तेलात वाटण परतावे आणि मग दूध घालावे.

वाटण परतल्यावर चिकन किंवा वांगी घालावीत, साधारण ४०० मिलिलिटर पातळ दूध ओतावे आणि शिजेपर्यंतच मंद उकळी ठेवावी. ग्रीन करी पातळच असते. तिला बेसन किंवा कॉर्नफ्लॉर लावून दाट करू नये. बेसन म्यानमारच्या ‘ओन्न नो खाउ स्वे’ या नारळाच्या नूडल्समध्ये आणि ‘मोहिंगा’ या तेथील न्याहारीच्या मत्स्यरश्शात शोभते, तिथे ते परंपरेनेच असते. थाई तुळशीची पाने गॅस बंद करताना घालावीत. तयार वाटणाचे पाकीट आणले असेल तर त्यात मीठ आधीच असते, म्हणून फिश सॉस घालण्यापूर्वी चाखण्याला पर्याय नाही.

रेंदांगमध्ये हेच तंत्र उलट दिशेने जाते. मांस आणि वाटण दुधात एकत्र शिजू लागते, दूध आटत जाते आणि तीन-चार तासांनी सुटलेल्या तेलात मांस स्वतःच तळले जाऊन गडद तपकिरी होते. मधल्या, अजून रस असलेल्या अवस्थेला ‘कालियो’ म्हणतात, आणि घाईच्या दिवशी तिथे थांबणे मुळीच कमीपणाचे नाही. शेवटच्या तासात मात्र कढईजवळून हलू नये.

घरी : नूडल्स

तांदळाच्या चपट्या नूडल्स उकळत्या पाण्यात टाकणे, ही पॅड थाई बिघडण्याची पहिली पायरी असते. त्या साध्या पाण्यात अर्धा ते पाऊण तास भिजवाव्यात. एक नूडल बोटाभोवती न तुटता गुंडाळली गेली, पण दाताखाली मध्यभागी अजून कच्ची लागली, की ती कढईसाठी योग्य झाली. राहिलेले शिजणे सॉसमध्ये होते आणि त्यामुळेच सॉस आत मुरतो. दोघांसाठी १५० ग्रॅम कोरड्या नूडल्स, तीन मोठे चमचे चिंचेचा दाट कोळ, तीन चमचे ताडगूळ आणि अडीच चमचे फिश सॉस पुरतात. सॉस आधीच गरम करून गूळ विरघळवून ठेवावा, कारण कढई तापल्यावर वेळ मिळत नाही. लसूण, टोफू आणि सोडे परतून नूडल्स व सॉस घालावा, नूडल्स कडक वाटल्या तर तेल नव्हे तर पाण्याचा हबका मारावा, मग त्या बाजूला सारून मोकळ्या जागेत अंडे फोडावे. मोड आलेले मूग, पात आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट शेवटी घालावा. एका वेळी दोघांपुरतेच करावे. चौघांसाठी कढई दोनदा तापवावी, कारण गर्दी झाली की नूडल्स परतल्या न जाता वाफेवर चिकट होतात.

खाओ सोई ही चिआंग माईची नूडल्सची करी घरच्या मेजवानीला सर्वांत सोयीची आहे, आणि युनानच्या मुस्लिम व्यापाऱ्यांशी तिचे नाते जोडले जाते. हळद आणि करी पावडर मिसळलेल्या रेड करीच्या वाटणात चिकनच्या तंगड्या शिजवाव्यात. अंड्याच्या नूडल्स वेगळ्या उकडून घ्याव्यात आणि त्यांतील मूठभर कुरकुरीत तळाव्यात. नूडल्स आणि रस्सा वाढायच्या क्षणापर्यंत वेगळेच ठेवावेत, नाही तर नूडल्स रस्सा पिऊन फुगतात. वाडग्यात मऊ नूडल्स, वरून रस्सा, त्यावर तळलेल्या नूडल्स, आणि शेजारी मोहरीच्या पाल्याचे लोणचे, कच्चा लहान कांदा, लिंबू आणि तेलात परतलेल्या मिरचीची चटणी ठेवावी. लोणच्याशिवाय खाओ सोई जड लागते.

फोसाठी हाडे प्रथम पाच मिनिटे उकळून ते पाणी फेकावे, हाडे धुवावीत आणि ताज्या पाण्यात झाकण न ठेवता, क्वचित एखादा बुडबुडा येईल इतक्या मंद आचेवर गोमांसाच्या हाडांना सहा तास आणि चिकनला दोन तास द्यावेत. आले आणि कांदा थेट ज्योतीवर काळे होईपर्यंत भाजून घालावेत. चक्रीफूल, दालचिनी आणि मसाला वेलची भाजून शेवटच्या तासातच घालावी, नाही तर रस्सा औषधासारखा लागतो. नुसता प्यायला किंचित खारट वाटेल इतका फिश सॉस रश्शात असू द्यावा, कारण नूडल्स अळणी असतात आणि त्या मिसळल्या की चव बरोबर जागेवर येते.

चव जुळवण्याचा क्रम घरीही पाळावा. खारटपणा प्रथम, कारण मिठाशिवाय दुसरे काहीच नीट कळत नाही, नंतर गोडी, आणि लिंबाचा रस गॅस बंद केल्यावर, कारण उकळल्यास त्याचा ताजेपणा जातो. प्रत्येक वेळी थोड्या भाताबरोबर किंवा एका नूडलबरोबर चाखावे, नुसत्या चमच्यावर नव्हे. मग फिश सॉस, मिरची घातलेले व्हिनेगर, मिरचीची भरड आणि साखर अशा चार वाट्या टेबलाच्या मध्यभागी ठेवाव्यात, प्रत्येकीत वेगळा चमचा घालावा, आणि पाहुण्याने पहिला घास साधाच घ्यावा एवढे सांगून वाडगे वाढावेत.